मान हलवलेली चालते

"दिवा लावलास की ओठ मिटायचे. हूं नाही, चूं नाही. दारात कोणी आलं, फोन वाजला, दूध उतू गेलं तरी बोलायचं नाही. पानं घेतली की मग बोल हवं तितकं. मधे मान हलवलेली चालते." यमूमावशीने हे मला कल्याणला तिच्या स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता सांगितलं होतं. सांगताना देवाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. आमटीत चिंच कधी घालायची ते सांगावं तितक्या सहज सांगितलं. ओवी तेव्हा दोन वर्षांची होती आणि अकरा दिवस तिचा ताप उतरत नव्हता. डॉक्टर बोलायचे थांबले होते. मी मावशीला विचारलं, "नेम मोडला तर काय होतं?" तिने जुडीची मुळं चाकूने उडवली आणि म्हणाली, "ते विचारायचं नसतं." बाराव्या दिवशी ओवीच्या कपाळाला घाम आला. तो ओला, थंड घाम माझ्या तळहाताला अजून आठवतो. त्या दिवसापासून अकरा वर्षं दिवेलागण ते जेवणाची पानं एवढा वेळ मी बोललेले नाही. सासरे गेले ती वेळ संध्याकाळचीच होती, तेव्हाही नाही. लोकांनी त्याचं कौतुक केलं. मला त्यात कौतुकासारखं काही वाटलं नव्हतं. दिवसभर माणसं माझ्यातून काहीतरी मागून नेत असतात, त्या दीड तासात ती मागणी थांबायची, एवढंच. खरं सांगायचं तर मला तो वेळ आवडायचा.

त्या शुक्रवारी मी नेहमीसारखी दिवा लावून देवळाकडे निघाले होते आणि धामणकर नाक्याच्या अलीकडे लाइट गेली. भिवंडीत लाइट गेलेली डोळ्यांना नंतर कळते, आधी कानांना कळते. सगळ्या बाजूंनी चाललेले यंत्रमाग एकदम थांबतात आणि आपल्या अंगातलंच काहीतरी थांबलं असं वाटून माणूस छातीवर हात ठेवतो. मग हळूहळू हॉर्न, रिक्षावाल्यांच्या हाका, कुणाचं तरी खोकणं असं एकेक वर येतं. मी अशीच उभी राहिले होते. हवेत मागांवरचं कापसाचं तूस तरंगत होतं आणि ते माझ्या ताटलीतल्या फुलांवर बसत होतं. तेवढ्यात मनोज त्याच्या सायबर कॅफेतून बाहेर आला. मनोज आमच्याच इमारतीतला, खालच्या मजल्यावरचा. लग्नात मी त्याच्या बायकोची ओटी भरली होती. "वहिनी, एक मिनिट आत या. तुमचं मौन माहीत आहे मला. बोलू नका, नुसतं बघा." आत प्लायच्या खोपट्यांमध्ये काळोख होता, मुलं उठून पैसे देत होती, चार नंबरचा एकच पडदा बॅटरीवर उजळलेला होता. "ओवी आत्ताच गेली. लाइट गेल्यावर घाबरून बंद न करताच उठली. बॅटरी दहाच मिनिटं टिकते, म्हणून तुम्हाला हाक मारली. नंतर सांगितलं असतं तर तुम्हाला खरं वाटलं नसतं."

पडद्यावर क्षितिजा हसत होती. क्षितिजा म्हणजे ओवीची पाचवीपासूनची मैत्रीण, कशेळीची. वडील केसरीनाथ, त्यांची खाडीकडची शेती आता गोदामं होऊन उभी आहे. हा फोटो मी ओळखला. शाळेच्या सहलीत ओवीनेच माझ्या भावाकडून मागून नेलेल्या मोबाइलवर काढला होता. क्षितिजाच्या दातात पेरूची बी अडकली होती आणि दोघी त्यावर किती हसल्या होत्या. फोटोखाली क्षितिजाचं नाव, वय वीस. त्याखाली इंग्रजी अक्षरांत मराठी. मला ती वाचायला वेळ लागतो, एकेक अक्षर जुळवावं लागतं, म्हणून ते शब्द एकदम अंगावर न येता सावकाश, एकामागून एक आत उतरले. 'मी गोदामवाल्याची पोर हाय. आमच्याकडं बारा गोदामं हायत पन अक्कल न्हाय. मना दोस्ती पायजेल. कवा पन फोन करा.' आणि खाली फोनचा नंबर. तो क्षितिजाच्या घरचा नंबर मला पाठ होता, कारण तो मीच आमच्या फोनशेजारच्या वहीत लिहून ठेवला होता. बाजूला लोकांनी लिहिलेल्या ओळी होत्या, खूप होत्या. पुरुषांच्या. मी तीन वाचल्या आणि नजर उचलली. मनोज माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाव त्या पोरीचं, पण चालवते आपली ओवी. येते कधीची, पण हे तीन आठवडे चाललंय, याच मशीनवर. मला वाटलं अभ्यास करते. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं वहिनी, घरी माहीत आहे ना? म्हणाली, आईला विचारलंय, आईने हो म्हटलंय. म्हटलं होतं ना तुम्ही?"

मी मान हलवली. हो. म्हटलं होतं.

देवळात गेले की नाही ते मला आठवत नाही. ताटलीतली फुलं घरी परत आली होती त्याअर्थी गेले नसणार. वाटेत मला एकेक संध्याकाळ आठवत गेली, आणि प्रत्येक संध्याकाळी ओवी दारात उभी होती. सकाळी नाही, दुपारी शाळेतून आल्यावर नाही. मी निरांजन लावून हात जोडले की मागून आवाज यायचा, "आई, जाऊ? तासभर. प्रोजेक्ट आहे." एरवी मी कुठे, कोणाबरोबर, कशाला, परत कधी, एवढं सगळं विचारलं असतं. त्या वेळी मला मान हलवणं किंवा न हलवणं, दोनच गोष्टी शक्य होत्या, आणि प्रोजेक्टला नाही कशी म्हणणार. माझ्या मुलीने माझ्या नेमातली फट शोधून काढली होती. पहिल्यांदा मला राग आला, मग राग मावळून तिथे दुसरंच काहीतरी आलं. कारण जूनमधली एक संध्याकाळ मला आठवली. त्या दिवशी ओवी "जाऊ?" म्हणाली नव्हती. ती माझ्याजवळ पाटावर येऊन बसली होती आणि म्हणाली होती, "आई, मला काहीतरी सांगायचंय." मी बोट ओठांवर ठेवलं आणि घड्याळाकडे दाखवलं. जेवणानंतर मी विचारलं तर म्हणाली, काही नाही. आणि मी ते काही नाही धरून चालले. त्यानंतर तिची नखं मुळापर्यंत खाल्लेली दिसायची. सकाळी पोटात दुखायचं. वेणी घालताना केस हातात यायचे, ते मी गुंडाळी करून टाकून द्यायचे आणि म्हणायचे, चाचणी जवळ आली की हिचं असंच होतं. पान वाढल्यावर भात चिवडत बसायची आणि मधेच दचकून दाराकडे बघायची, कोणीतरी हाक मारल्यासारखी. मी तिला लोहाच्या गोळ्या आणून दिल्या होत्या.

क्षितिजाचं काय चाललंय ते आमच्या घरात सगळ्यांना आदल्या दिवसापासून माहीत होतं. हे, म्हणजे माझे यजमान, श्रीनाथ, मुलींच्या शाळेतच हेडक्लार्क आहेत. गुरुवारी जेवताना त्यांनीच सांगितलं होतं. "ती कशेळीची मुलगी. ते ऑर्कुट का काय त्याच्यावर फोटो टाकून घरचा नंबर दिलाय. दिवसरात्र फोन येतायत, बाप पिसाळलाय. शाळेत येऊन आरडाओरड केली. बाई म्हणतात तिनेच केलं असणार, ह्या पैसेवाल्यांच्या मुलींना घरात कॉम्प्युटर असतो. मुख्याध्यापक साहेब म्हणाले आपण काढून टाकलं असं दिसायला नको, पालकांकडूनच दाखल्याचा अर्ज घ्या. सोमवारी दाखला देऊन टाकायचा. मलाच लिहायचाय." मी म्हटलं, "पण ती तशी मुलगी नाही हो. इथे येऊन जेवलीय किती वेळा." तर हे म्हणाले, "तशी म्हणजे कशी? घरात बोलतात कशी ऐकलंस ना? हाय, न्हाय, मना, तुना. संस्कार लागतात." आणि हसले. आम्ही सगळेच हसलो होतो, असं मला आता आठवतं. मी सुद्धा, मोठ्याने नाही, पण हसले. ओवी हसली नाही. तिने ताकाची वाटी पुढे ओढली आणि विचारलं, "सोमवारी किती वाजता देणार?"

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी ओवी आली, मी तिला पानावर बसवलं, जेवू दिलं. मग दार लावून घेतलं आणि कापूस पुढ्यात घेऊन बसले, कारण हात रिकामे असले की माझा आवाज कापतो. म्हटलं, "काल मनोजकाकाने मला चार नंबरचं मशीन दाखवलं." तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मला वाटलं रडेल, नाकारेल. ती म्हणाली, "मग? बाबांना सांगितलंस?" "अजून नाही." "सांग. मारतील. मारू देत." मी विचारलं, "का केलंस?" मागांचा आवाज खिडकीतून येत होता, काचा हलत होत्या. मग ती बोलायला लागली आणि बोलता बोलता वेडीवाकडी होत गेली. त्या ऑर्कुटवर म्हणे प्रत्येकाची मित्रमंडळी मोजलेली असतात. क्षितिजाची दोनशे चौदा, हिची एकतीस. तिथे एकमेकांबद्दल चार ओळी लिहून पाठवायच्या असतात, त्यांनी त्या मान्य केल्या की मग सगळ्यांना दिसतात. ओवीने क्षितिजासाठी लिहिल्या होत्या. चार नाही, नऊ ओळी. तीन दिवस लावून लिहिल्या, आधी वहीत, मग तिथे. "तिने घेतल्याच नाहीत आई. वर्गातल्या मृणालीच्या घेतल्या होत्या. सगळ्यांच्या घेतल्या होत्या. मी रोज जाऊन बघायचे. रोज. वर्गात ती बोलायची माझ्याशी नेहमीसारखी, डबा खायची माझा, आणि तिथे मी नव्हतेच. मला वाटायचं मी खरी कुठे आहे? तिथे नाही म्हणजे नाहीच ना." मी म्हटलं, "म्हणून एवढं वाईट लिहायचं? ती बोलते त्याची टिंगल? कोणाकडून शिकलीस हे?"

तिने माझ्याकडे बघितलं. तेरा वर्षांच्या मुलीची अशी नजर मी आधी बघितली नव्हती. "तुझ्याकडून," ती म्हणाली. "सहावीत मी एकदा न्हाय म्हटलं तर तू मला तीन वेळा नाही म्हणायला लावलंस. म्हणालीस, तिच्याशी खेळ पण तिच्यासारखं बोलू नकोस. ती आत पाणी पीत होती तेव्हा. तिने ऐकलं होतं."

वात वळताना बोटांना राख किंवा दूध लावतात, नाहीतर कापूस सरकतो. मला त्या वेळी काहीच लावावं लागत नव्हतं, बोटं घामाने ओली होती. मी किती वाती वळल्या असतील आजवर? आकडा मला माहीत आहे. मी मोजते. लक्ष वातींचा संकल्प दोनदा पूर्ण केलाय, जपाची माळ रोज अकरा, प्रदक्षिणा एकवीस. मोजल्याशिवाय केलेलं देवाला पोहोचत नाही असं नाही, पण मोजलं की माणसाला बरं वाटतं, आपण आहोत, आपली नोंद होते आहे असं वाटतं. समोर बसलेल्या त्या मुलीचा दोनशे चौदा आणि एकतीस हा हिशोब मला मूर्खपणाचा वाटायला हवा होता. वाटला नाही. माझ्या देवघरात मी एका देवापुढे मोजत होते, तो कधी उलटून म्हणत नाही की तुझ्या ओळी मी घेत नाही. हिला मोजावं लागत होतं ते सगळ्या वर्गापुढे. आणि तिला मधे धरायला, हात ओढून बाजूला घ्यायला जी बाई होती ती संध्याकाळी साडेसहा ते आठ ओठ मिटून बसलेली. मी तिला जवळ घेतलं नाही. घेतलं असतं तर ते तिथेच संपलं असतं, आणि ते संपायला नको होतं. मी म्हटलं, "सोमवारच्या आत क्षितिजाच्या घरी जाऊन सांगायचं. तिच्या वडलांसमोर. मग शाळेत."  तिने फरशीवरच्या कापसाकडे बघितलं. मग म्हणाली, "तू येशील?" "येईन." "मी अडकले तर तू बोलशील? बाबांसारखं फिरवून नाही. खरं." मी म्हटलं, "बोलेन. वचन."

हे चारला आले. मी चहा ठेवला आणि सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. ते कपातल्या सायीकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मनोज आपला माणूस आहे. तो बोलणार नाही. ते खातं आज बंद करून टाका. संपलं." मी विचारलं, "आणि क्षितिजा?" "तिचं काय? त्यांना ठाण्याला कुठेही ॲडमिशन मिळेल. दोन गोदामांचं भाडं टाकलं की झालं. आपल्या मुलीचं नाव रजिस्टरला लागलं तर मी त्या टेबलावर कसा बसू? साहेब मला काय म्हणतील? वीस वर्षांत माझ्या एका कागदावर कोणी बोट ठेवलेलं नाही." मी म्हटलं, "सोमवारी जो लिहाल त्या कागदावर मी ठेवीन." त्यांना ते कळायला वेळ लागला. मग त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू घरातल्या घड्याळाने तोंड उघडलं. "सुचेता, तू काय बोलतेयस? अगं अकरा वर्षं रोज गप्प बसतेस, लोक पाया पडतात तुझ्या. आता दोन दिवस बसवत नाही?"

"अहो," मी म्हटलं, "मी देवापुढे गप्प बसत होते. तुमच्यापुढे नाही."

आवाज चढला नव्हता माझा. कधीच चढत नाही. लहानपणी शाळेत कविता म्हणायला उभी राहिले की बाई म्हणायच्या, भिंतीला सांगतेयस का. लग्नात उखाणा तीनदा घ्यायला लावला, कोणालाच ऐकू येईना म्हणून. पण त्या वाक्यानंतर हे उठले, सदरा खुंटीला लावला, पुन्हा काढला, पुन्हा घातला, आणि बाहेर जाऊन बसले. रात्रीपर्यंत आमच्यात शब्द झाला नाही. त्यांचा तो अबोला मी पहिल्यांदाच बाहेरून बघत होते. आपण न बोलून दुसऱ्याला काय करतो ते मला कधी दिसलं नव्हतं.

रविवारी सकाळी पूजा झाल्यावर मी क्षितिजाच्या घरी फोन केला. पलीकडे बराच वेळ घंटा वाजली, मग कोणीतरी उचलून काहीच न बोलता श्वास ऐकत उभं राहिलं. मी घाईने म्हटलं, "मी ओवीची आई बोलतेय." तेव्हा राहीबाईंचा, क्षितिजाच्या आजीचा आवाज आला. "तू हाय व्हय बाय! मना वाटला पुन्हा त्यांतलाच कुनी मेला हाय. फोन उचलायची भीती वाटते गो. काय काय बोलतात, कानांत शिसा वततात." मी म्हटलं, "क्षितिजा कशी आहे?" "कशी असनार? जेवत न्हाय, बोलत न्हाय, तोंड भित्तीला करून झोपते. बाप बोलला तुज्यामुलं झाला, त्या दिवसापासून त्याच्याकडं बगत न्हाय. एक तुमच्या ओवीचा नाव काढते. म्हनते ओवी आली तर मी उठेन."  राहीबाई बोलतच होत्या. "मास्तरीन बोलते घरच्या कम्पुटरवर केला. अगो, तो कम्पुटर जूनमदी जलला, लाइटीचा झटका आला ना तवा. तवापासून गोनपाट टाकून ठेवलाय माल्यावर. पोरीनं लाजंनं शालेत कुनाला सांगितला पन न्हाय. पोर कशावर करनार? बाप तेच सांगत व्हता तर म्हनतात, मग बाहेर जाऊन केला असंल. त्यांना करायचाच हाय तिच्या नावावर."

जूनमध्ये. म्हणजे ओवीच्या त्या नऊ ओळी क्षितिजाने नाकारल्या नव्हत्या. त्या तिथे कुठेतरी दारात उभ्या होत्या आणि घरात कोणी नव्हतं.  "राहीबाई, आम्हाला घरी यायचंय. मला आणि ओवीला. काही सांगायचंय." "मंग ये ना गो. आज ये. सांजचे सात वाजता ये, केसरी तवाच गोदामावरना येते. त्याच्यासमोर बोल काय ते. दुपारचा आलीस तर मी एकली, आनि माजा काय ऐकतो तो?" मी विचारलं, "थोडं आधी नाही चालणार? पाचला?" "पाचला तो दापोड्याला. सातला ये बाय. आनि जेवूनच जायचा." फोन ठेवल्यावर मला हसू आलं. त्या बाईला काय माहीत सात म्हणजे काय. कॉम्प्युटरचं मी ओवीला सांगितलं नाही. ते तिला क्षितिजाच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि मी ते मऊ करून देणार नव्हते.

दुपारभर मी देवघरासमोर बसले. जप चालू होता, पण माळेचे मणी पुढे सरकत होते आणि मन मागे. ओवीचं तापलेलं कपाळ, त्यावरची मिठाच्या पाण्याची घडी, दर पाच मिनिटांनी ती घडी गरम होऊन कोरडी व्हायची. मला पुन्हा तळहाताला तो चटका जाणवायला लागला. उठून आतल्या खोलीत गेले, ओवी पालथी पडून वहीत काहीतरी लिहीत होती. मी उगाच तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं. "काय झालं?" ती म्हणाली. "काही नाही." आणि पुन्हा येऊन बसले. भीती वाटत होती. ती लपवण्यात अर्थ नाही, ज्याच्यापुढे बसले होते त्याला ती माझ्याआधी माहीत होती. मोडला तर काय होतं? ते विचारायचं नसतं. का नसतं विचारायचं? मावशी आता नाही, नाहीतर मी आज कल्याणला जाऊन तिच्या मेथीच्या जुडीसमोर बसून विचारलं असतं. तू मला सांगितलंस दूध उतू गेलं तरी बोलू नकोस. पोर उतू गेली तर काय, ते तू सांगितलं नाहीस. की तुला कोणी सांगितलं नव्हतं? एखादं प्रायश्चित्त ठरवावं असं मनात आलं, एकशे आठ ब्राह्मणांना शिधा, महिनाभर एकवेळ. ते आलं तसं मी घालवलं. प्रायश्चित्त चुकीला असतं. ही चूक नव्हती. चूक झाली ती जूनमधे, बोट ओठांवर ठेवलं तेव्हा, आणि त्याला मी नेम म्हणत होते. "तुला राग आला तर माझ्यावर काढ," मी देवाला म्हटलं. मोठ्याने म्हटलं, दिवा लागायला अजून दोन तास होते. "तिच्या अंगाला हात लावायचा नाही. तिच्यासाठी केलेल्या नेमाची भरपाई तू तिच्याकडून मागणार असशील, तर मग मी इतकी वर्षं कोणापुढे बसले होते ते मला कळायला हवं." माझ्या तोंडून हे निघालं याचं मला नवल वाटलं. निरांजन तसंच होतं, तांब्यावर ऊन सरकलं होतं. कुठेही काही हललं नाही. मला बरं वाटलं.

साडेसहाला मी दिवा लावला. लावायचा नाही असं एकदा मनात आलं होतं, म्हणजे मोडायलाच नको. पण ते पळ काढण्यासारखं झालं असतं. नेहमीसारखाच लावला, दोन वाती, हात जोडले. ओवी मागे दारात उभी होती, तिने स्वतःहून वेणी घातली होती, वाकडी. हातात वहीचं पान, चार घड्या केलेलं. बाहेरच्या खोलीत हे पेपर उघडून बसले होते; पेपर सकाळचाच होता. ते दिव्याकडे बघून म्हणाले, "दिवा लागला. आता काय करणार आहेस?" आणि जरा थांबून, वेगळ्याच आवाजात, "सुचेता. माझा तरी विचार कर." मी त्यांचा विचार केला. खरोखर केला, चपलेत पाय सरकवण्याइतका वेळ. सोमवारी ते त्या टेबलावर बसतील, कोणीतरी हळूच काहीतरी बोलेल आणि त्यांना जेवण जाणार नाही. मी त्यांच्यासाठी त्यांच्या आवडीची उसळ झाकून ठेवली होती. मग ओवीच्या पाठीला हात लावला आणि आम्ही जिना उतरलो. खाली मनोजच्या बायकोने नेहमीसारखं हात जोडून नमस्कार केला आणि बाजूला झाली.

नाक्यावर लाइट होती. माग पूर्ण जोरात चालले होते, सगळ्या गल्ल्यांमधून तो आवाज रस्त्यावर येऊन ट्रकच्या, हॉर्नच्या आवाजात मिसळत होता, जमीन पायांखाली बारीक थरथरत होती. शेअर रिक्षांची रांग लागलेली. ओवीने माझा पदर धरला नव्हता, पण ती इतकी जवळून चालत होती की तिचं कोपर सारखं माझ्या कमरेला लागत होतं. पहिल्या रिक्षेत मागे एक बाई पिशव्या घेऊन बसलेली. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "कहाँ?"

"कशेळी. दोघी," मी म्हटलं.

त्याने कानाला हात लावला. "क्या? आवाज नहीं आया, अम्मा. जोर से बोलो."

ओवी माझ्याकडे वळून बघत होती. मी पोटातून श्वास घेतला.

"कशेळी!" मी ओरडले. मागच्या रिक्षांमधली माणसंसुद्धा वळली. "कशेळी जाना है! दो सीट!"

"तो बैठो ना," तो म्हणाला आणि मागच्या बाईने पिशव्या सरकवून जागा केली. आधी ओवी चढली, तिच्यामागून मी.